सहा मीटर केबल आणि ६० नॅनोसेकंद

ई. कोलाय या जिवाणूमध्ये डीएनए घालताना मी वर्षानुवर्षं १ मिलिमीटरच्या क्युव्हेटला (दोन धातूपट्ट्यांमध्ये तेवढंच अंतर असलेल्या छोट्या कुपीला) १.८ किलोव्होल्टचा झटका दिलाय. तो सुमारे ५ मिलिसेकंद टिकतो आणि पेशीपटलाला भोकं पाडतो. पीएच.डी.साठी मात्र मला बाहेरचं पटल राखून पेशीतल्या कणिकांचं पटल उघडायचं होतं. शोएनबाख, बीब आणि ब्यूशर यांनी २००१ मध्ये रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींत ६० नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी ते करून दाखवलं होतं. पेशीपटल कपॅसिटरसारखं, म्हणजे विद्युतभार साठवणारं असतं. ते पूर्ण भारित झालं की आतल्या भागाला आडोसा मिळतो; त्याआधीच झटका संपवला तर विद्युतक्षेत्र थेट आत पोचतं.

एवढा छोटा झटका द्यायचा कसा? भारित केबल पेशींवर रिकामी करायची; लाट केबलच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंतच झटका टिकतो. केबलमध्ये विजेला एका मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. सहा मीटर जाऊन-येऊन ६०. नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानदारानं विचारलंच, "एवढी केबल कायले पायजे ताई?" ५० ओहमचे पाच तुकडे समांतर जोडले, म्हणजे १० ओहम.

रक्त मिळवणं वेगळंच. पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल शंभरात जेमतेम दोन-चार, आणि मे महिन्याचं ऊन, त्यामुळे सगळं काम सकाळीच उरकायचं.

पहिल्या तीन प्रयोगांत सगळी केंद्रकं प्रोपिडियम आयोडाइडनं लाल झाली; हा रंग बाहेरचं पटल फाटलं तरच आत शिरतो. म्हणजे बाहेरचं पटलच फाटत होतं. मी व्होल्टेज कमी करत राहिले, दोन आठवडे गेले. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पेशी सोड, ऑसिलोस्कोप बघ." म्हणजे झटक्याचा आलेख दाखवणारा पडदा. झटका ६० नॅनोसेकंदांना संपतच नव्हता, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता. जिवाणूंच्या कामात ठिणगी उडू नये म्हणून मीठ धुऊन काढायची सवय. इथंही मी पेशी साखरेच्या द्रावणात ठेवल्या होत्या. त्याचा रोध शेकडो ओहम, केबलचा १०; दोन्ही जुळत नव्हते, म्हणून वीज परत परत उलटत होती. मीठ असलेलं माध्यम परत आणलं, क्युव्हेटमध्ये ७० मायक्रोलिटर भरलं, तेव्हा कुठे पडद्यावर नीट चौकोनी झटका दिसला.

त्या दिवशी कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगानं हिरव्या झालेल्या पेशींत एरवी काळ्या दिसणाऱ्या कणिका चमकल्या. माझे हात थरथरत होते. लॅबमधल्या ताईंनी आयपीसला डोळा लावला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आता लाल फिल्टर लाव."

लावला. पूर्ण काळोख.