चावी कुणाची?

‘चावी’ हा शब्द मुळात कुणाचा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी चावी कापताना मी गप्पच असतो, मशीनच्या किंचाळण्यात कुणाला काय ऐकू जाणार!

वसईत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, ‘डुप्लिकेट चाव्या बनवून मिळतील’. महिन्यातून एकदा तरी ती वाचून कुणीतरी टोकतंच, "काका, मराठी माणूस तुम्ही, आणि चावी काय लिहिता? हिंदी शब्द तो. किल्ली लिहा की." ‘डुप्लिकेट’वर अजून एकानेही हरकत घेतलेली नाही.

तर, चावी हिंदीची नाही. ती पोर्तुगीजांची. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तोवर. माणसं गेली, शब्द राहिले. माझ्याच दुकानात बघा ना, बादली, घमेलं, पिंप, सगळी त्याच गलबतातून उतरलेली. हिंदीतली ‘चाबी’ही त्यांचीच, बंगालीतलीही. तमिळमध्ये ‘सावी’ झाली. बंदरावरून आत सरकत गेलेला माल आहे हा.

गंमत पुढेच आहे. आमच्या भागातला एक मुलगा लिस्बनला कामाला असतो. सुट्टीवर आला तेव्हा घराच्या दाराची चावी घेऊन आला होता. मी जुनी चावी एका चिमट्यात धरली, कोरी दुसऱ्यात, आणि पितळेचा कीस उडायला लागला. मग कानशीने दात घासून, नखाने धार बघून हातात दिली, तर म्हणतो, "तिकडे हिला ‘शाव्ह’ म्हणतात, काका." मला वाटलं, ‘श’चा ‘च’ आपण केला असणार, आपली ती सवयच. पण उलटं निघालं. पोर्तुगीज इथे आले तेव्हा ते स्वतःच ‘च’ म्हणत होते. पोर्तुगालच्या उत्तरेत काही ठिकाणी तो अजून ऐकू येतो. लिस्बनकडे मागाहून ‘श’ झाला. म्हणजे जुना उच्चार आमच्या वसईत तसाच राहिला, आणि लोक मलाच शुद्ध बोला म्हणून सांगतात!

त्याच्याही मागे गेलं तर लॅटिन ‘क्लाविस’. त्यातल्या ‘क्ल’चा पोर्तुगीजांनी ‘च’ केला. इटालियन ‘कियावे’ म्हणतात, स्पॅनिश ‘यावे’. डॉक्टर गळ्याखालच्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात ना, ती ‘छोटी चावी’. आणि कॉन्क्लेव्ह, म्हणजे पोप निवडायला भरते ती बंद दाराआडची सभा. मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा आमच्याकडे घरोघरी टीव्ही लागलेले होते. त्या शब्दाचा मूळ अर्थ चावीने बंद करता येणारी खोली. १२६८ साली इटलीतल्या विटेर्बो गावात कार्डिनल मंडळी, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, पोप निवडायला बसली, ती वर्षं उलटली तरी उठेनात. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडून घातलं. निवड झाली १२७१ मध्ये. त्यावरूनच पुढे कोंडून घेण्याचा नियम झाला.

किल्लीशी माझं भांडण नाही. तिचं नातं ‘कील’शी सांगतात, म्हणजे खुंटी, खिळा. लॅटिनमध्येही खिळ्याला ‘क्लावुस’, चावीचं सख्खं भावंड. दाराला खुंटी लावायची हेच पहिलं कुलूप असावं, असं मला आपलं वाटतं. आणि दोघींनी कामं वाटून घेतलीत. यशाची गुरुकिल्लीच असते, गुरुचावी कुणी म्हणत नाही. उलट माणसामाणसांत भांडण लावायचं तर चावी मारावी लागते. घड्याळाला दोन्ही चालतात. कोल्हापूरकडे तर नळालाच चावी म्हणतात. तिकडून बदलून आलेल्या एका बाईंनी ‘गळकी चावी’ मागितल्यावर, म्हणजे गळकी बदलून नवी, मी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

मागच्या आठवड्यात ज्यांनी टोकलं, त्यांना एवढं सगळं ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि एक मोठं कुलूप घेतलं. कुलूप अरबी. मूळचं ‘क़ुफ़्ल’, येता येता ‘फ’ आणि ‘ल’ची अदलाबदल झालेली. ते मात्र मी बोललो नाही. पैसे द्यायचे बाकी होते.