एकच वायपर

"बाबा, त्या गाडीचा एक वायपर तुटलाय का?"

संध्याकाळी माहीम कॉजवेवर धो धो पाऊस, टॅक्सी जागची हलत नव्हती आणि लेक काचेला नाक लावून शेजारच्या गाडीकडे बघत होती. जुनी मर्सिडीज, डब्ल्यू १२४ मॉडेल. म्हटलं नाही गं, तिला एकच असतो.

मग मीच बघत बसलो. तो वायपर नुसता इकडून तिकडे जात नाही, मध्ये आखडतो आणि वरच्या कोपऱ्यांकडे जाताना लांब होतो, म्हणून एकटा जवळपास सगळी काच पुसतो.

आमच्याकडे हीच होती, याच मॉडेलमधली ई २२०, पुण्यात १९९५ पासून बनायला लागली त्यातली, सेकंडहँड. दार लावलं की तिजोरीसारखा धप्प आवाज आणि बाहेरचा गोंगाट बाहेरच. बॉनेटवरचा तारा नजरेसमोर धरून लेन कशी पकडायची ते अण्णांनी शिकवलं.

सोसायटीत पार्किंग उरलं नाही म्हणून विकली. चावी देताना अण्णांनी घेणाऱ्याला वायपर चालवून दाखवला, भर उन्हात, कोरड्या काचेवर. दोनदा.

आज ती गाडी पुढे सरकली, पावसात नंबर वाचता आला नाही. तेव्हापासून नुसती चुटपुट लागलीये, आमचीच असेल का?