आठ पातेल्यांची शितं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूचे ओतीव नग बनवणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटीला आहे. दोन वर्षांपूर्वी ८०० ब्रॅकेटचा लॉट ग्राहकाकडून परत आला. ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून नगात राहिलेली पोकळी. मनाला फार लागलं, कारण तो मीच पास केला होता, तेही तक्ता बघून. आयएस २५०० या नमुना-तपासणीच्या भारतीय मानकाप्रमाणे ८०० च्या लॉटला तपासणीच्या सर्वसाधारण पातळी २ वर ८० नग तपासायचे. एक्यूएल, म्हणजे चालवून घेण्याजोगं खराबीचं प्रमाण, १.० टक्का धरला तर दोन खराब चालतात, तिसरा निघाला की लॉट नामंजूर. माझ्या ८० नगांत एकच खराब होता.

आकडा बरोबर होता, नग चुकीचे होते. ट्रॉलीत वरवर हाताला येतील ते मी उचलले होते.

मग ठरवलं, दर दहावा नग घ्यायचा. फेटलिंगला, म्हणजे नगांच्या जादा कडा काढतात तिथे, नग साच्यातल्या क्रमाने, चार-चारच्या ओळीत मांडलेले असतात. मोल्डिंगचे मामा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, चार नंबरचा एकबी आला न्हाई की ओ." मी नगांवरचे कॅव्हिटीचे, म्हणजे साच्यातल्या खाचेचे, नंबर तपासले. सगळे एक आणि तीन! साच्याच्या एका पेटीत चार कॅव्हिटी. दहा-दहाने पुढे गेलं की त्यातल्या दोनच हाती लागतात. हे कागदावर मला कधीच दिसलं नसतं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यात शिजलेला असला तर. आमच्या लॉटमध्ये चार कॅव्हिटी, दोन पाळ्या, म्हणजे आठ पातेली. प्रत्येकी साधारण शंभर नग. म्हणून प्रत्येक गटातून दहा घ्यायचे ठरवलं आणि गटातले दहा कुठले, ते चिठ्ठ्या टाकून. एकूण तेच ८०, तपासणीचा वेळही तेवढाच. वेळ वाढला तो नग वेगळे लावण्यात, आणि त्यासाठी मालकांशी मला बरंच बोलावं लागलं.

पुढच्याच लॉटमध्ये तीन खराब निघाले, तिन्ही चार नंबरचे. लॉट थांबवून सगळे ८०० नग तपासले. मामांनी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, उतरवला, तर त्या कॅव्हिटीची गॅस बाहेर जायची वाट अर्धी बुजलेली.

आता शॉटब्लास्टनंतर, म्हणजे छर्रे मारून नग साफ झाले की, मामाच आठ ट्रे मांडून घेतात, खडूने नंबर टाकून.