गिगसाठी पाच तारांचा बेस घेताना

आमची गायिका गांधर्वच्या परीक्षा देत मोठी झालेली. रॉक गायला उभी राहिली तरी पट्टी सांगते ती पेटीच्या भाषेत. "हे काळी दोनमध्ये घेऊ, आणि ते जड गाणं पांढरी एकमध्ये." काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, पांढरी एक म्हणजे सी. मी वाजवतो बेस गिटार, आणि चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा मोकळा (तार कुठे न दाबता येणारा) सूर ई, म्हणजे पांढरी तीन. त्यामुळे तिच्या निम्म्या गाण्यांचा षड्जच माझ्या बेसच्या हद्दीबाहेर राहायचा. तो वरच्या सप्तकात वाजवला तर चुकत काहीच नाही, पण दोन डिस्टॉर्शनवाल्या गिटारी आणि किक ड्रम यांच्याखाली जो भार लागतो, तो येत नाही. पुण्या-मुंबईच्या पबमध्ये बहुतेक शनिवार वाजवायचं म्हटल्यावर ही अडचण टाळण्यासारखी राहिली नाही.

आधी स्वस्तातले उपाय करून पाहिले. ई तार गाण्यागणिक उतरवायची. डीपर्यंत ठीक असतं. सीपर्यंत उतरवली की तार ढिली पडते, फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे बेसच्या दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते आणि जोरात मारली की सूर आधी चढा लागून मग जागेवर येतो. शिवाय दोन गाण्यांच्या मध्ये मी ट्यूनरकडे बघत उभा राहिलो की आमचा गिटारवाला माइकवर विनोद सांगायला लागतो, आणि ते कुणालाच परवडत नाही. चार तारांच्याच बेसला बी-ई-ए-डी असा जाड संच लावणारे बरेच आहेत, पण त्यात सगळ्यात वरच्या सुराची 'जी' (G) तार गमवावी लागते आणि माझी भर घालायची सगळी वळणं तिथेच असतात. म्हणून पाच तारा.

पाचवी तार म्हणजे खालची बी, आणि खरी परीक्षा तिचीच. बाकीच्या चार तारा कुठल्याही बऱ्या बेसवर बऱ्याच वाजतात. मोकळ्या बीची कंपनसंख्या ३०.८७ हर्ट्झ, ईची ४१.२. फेंडरने १९६५ मध्येच पाच तारांचा बेस काढला होता, पण त्यातली जादा तार वरची सी होती. तो चालला नाही. खालची बी सत्तरच्या दशकात आली आणि ऐंशीच्या दशकात, सिंथेसायझरवर खर्जातले सूर सगळीकडे ऐकू यायला लागले तेव्हा रुळली. गोची अशी की बहुतेक बेसवर तारेची लांबी अजूनही फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसचीच आहे, ३४ इंच म्हणजे ८६४ मिमी. ती मोजमापं ईपर्यंतच्या तारांसाठी ठरलेली. तेवढ्याच लांबीत बी बसवायची तर तार जाड करण्यावाचून गत्यंतर नाही. नेहमीच्या संचात ती ०.१३० इंचाची असते, म्हणजे ३.३ मिमी. इतकी जाड तार नीट वाकत नाही, तिचे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले उपसूर) किंचित चढे पडतात आणि सूर धुरकट होतो. तारेची लांबी ३५ इंच घेतली तर त्याच तारेवरचा ताण साधारण ६ टक्क्यांनी वाढतो. डिंगवॉलसारखे तिरप्या फ्रेटचे बेस बी तारेला थेट ३७ इंचांपर्यंत नेतात. एकाच्या हातातला तसला बेस वाजवून पाहिला. बी अशी लख्ख की ऐकत राहावं. किंमत ऐकून सन्मानाने परत दिला. माझं बजेट ७०,००० च्या आतलं होतं, म्हणजे ३४ इंचातच चांगली बी शोधायची होती.

शोध सुरू झाला तो अर्थातच मुंबईच्या धोबी तलावापासून. फर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाचं नाव तिथे १८६५ पासून आहे, आणि त्या भागात गेलं की एका फेरीत बरंच काही हाताखालून जातं. मग पुण्यातली दुकानं, आणि ओळखीच्या बेसवाल्यांच्या घरी जाऊन त्यांचे बेस. हे शेवटचं सगळ्यात उपयोगी ठरलं, कारण दुकानातल्या पीसवर कारखान्यातून आलेल्या तारा असतात आणि सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक वगैरेची जुळणी) बहुतेक वेळा झालेलाच नसतो. एका दुकानात बी तारेचा नट (नेकच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) इतका उंच होता की पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर चढायचा. "नवीन आहे सर, वाजवून वाजवून बसेल," असं ऐकायला मिळालं. नट वाजवून बसत नाही, कानशीनं बसवावा लागतो.

दुकानात बेस हातात देतात तेव्हा अॅम्पचा बेसचा नॉब अगोदरच भरपूर फिरवलेला असतो, समोरचा खूश व्हावा म्हणून. मी आधी वायर न लावता वाजवायचो. बेसच्या वरच्या शिंगावर कान टेकवला की लाकूड काय बोलतं ते कळतं. मोकळी बी मारायची आणि ती विझेपर्यंत थांबायचं. सूर सरळ विझतो की मध्येच लाटा घेतो, ते पाहायचं. मग बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि शेजारची मोकळी ई, एकामागोमाग एक. सूर एकच, तेव्हा दोन्ही एकाच वाद्याचे वाटले पाहिजेत. बऱ्याच बेसवर इथेच भांडं फुटतं: मोकळी ई स्वच्छ, आणि बीवरचा ई जणू गोधडीखालून येतो. ही एक चाचणी मी कुणालाही सांगेन, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

त्यानंतर अॅम्प लावायचा, सगळे नॉब मध्यावर, आणि प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पाती) हातात घ्यायचं. बेस विकत घेताना लोक बोटांनी छान छान ओळी वाजवतात आणि गिगमध्ये आठ मिनिटं एकच सी ठोकतात. मी दुकानातही तेच ठोकायचो: बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर सी, सगळे डाउनस्ट्रोक (वरून खाली मारलेले ठोके), मध्यम लयीत. प्रत्येक ठोक्याची सुरुवात वेगळी ऐकू आली तर पुढे जायचं. नाहीतर नुसती गुरगुर. शेजारी युकेलेले बघायला आलेल्या काकू एकदा वैतागून बाहेर गेल्या, त्यांची माफी.

तारांमधलं अंतर हा दुसरा मोठा प्रश्न. फेंडर जातीच्या चार तारांच्या बेसवर ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) दोन तारांमध्ये साधारण १९ मिमी असतात, आणि माझा उजवा हात त्यावर घडलेला. आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या पाच तारांच्या बेसवर १६.५ मिमी. वजनाला हलका, नेक पातळ, डाव्या हाताला मखमल. ज्यांचं काम बोटांनी जलद वाजवण्याचं आहे त्यांनी दुसरीकडे बघूही नये. पण प्लेक्ट्रमने जोरात मारताना मी शेजारच्या तारेला लागत होतो. स्टिंगरे फाइव्हच्या घराण्यात १७.५ मिमी, यामाहाच्या टीआरबीएक्स ३०५ वर १८. कागदावर दीड मिमी म्हणजे काहीच नाही, हाताला मात्र पहिल्या मिनिटात कळतं.

वजनाबद्दल दुकानदारांना विचारण्यात अर्थ नाही, सगळे "लाइट आहे सर" म्हणतात. मी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हूकवाला काटा खिशात ठेवायला लागलो. पट्टा हुकाला अडकवायचा, बेस उचलायचा, आकडा बघायचा. चार किलोंच्या आसपास असेल तर तीन सेट निघतात. पाचाकडे झुकला तर तिसऱ्या सेटमध्ये डावा खांदा गाणं सोडून स्वतःबद्दलच बोलायला लागतो. मित्राकडचा सायर व्ही ७ आवाजाला फार आवडला होता, त्याचा तो पीस मात्र काट्यावर चांगलाच जड भरला. पट्टा लावून हात सोडूनही बघावं. पाच तारांच्या बेसला एक खुंटी जास्त, त्यामुळे डोकं जड, आणि काही बेस हात सोडताच मान खाली घालतात. मग डावा हात वाजवायचं सोडून नेक धरून ठेवण्यातच खर्ची पडतो.

राहिला प्रश्न अॅक्टिव्ह की पॅसिव्ह. अॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि आतच प्रीअॅम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) असतो, आवाज हवा तसा घडवता येतो. पण जॅकच तिथे स्विचचं काम करतो: वायर खोचलेली राहिली की बॅटरी गुपचूप उतरत राहते. साउंडचेकनंतर वायर तशीच ठेवून जेवायला जाणारा मी एकटाच नाही. शिवाय पबमधल्या अर्थिंगची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. एलईडी दिव्यांचा डिमर फिरला की सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन टिपणारं, एकाच गुंडाळीचं चुंबक) घुंघुं करायला लागतो. प्रिसिजन जातीच्या दुभागलेल्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलटसुलट गुंडाळलेल्या असल्याने ती घुंघुं एकमेकांना खाते. रॉकमध्ये गिटारींच्या भिंतीतून वाट काढणारा गुरगुरता मधला भागही याच पिकअपचा. त्यामुळे माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं: पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना; पुढे पी (प्रिसिजन जातीचा) पिकअप, मागे जे (जॅझ बेस जातीचा).

एवढं ठरल्यावर यादीत फारसं काही उरलं नाही. यामाहाचा बीबी ४३५ घेतला. अल्डर लाकडाची बॉडी, पी आणि जे पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही. नेक सहा स्क्रूंनी आवळलेला आणि तारा बॉडीतून ४५ अंशांत तिरप्या ओवता येतात, त्यामुळे ब्रिजवर जाड बी एकदम काटकोनात मोडत नाही. यानेच बी सुधारते की चांगल्या जोडणीने, यावर वाद घालायला आमच्या ग्रुपवर माणसं आहेत. माझ्या कानाला पाचव्या फ्रेटच्या परीक्षेत हा पास झाला, एवढं पुरलं. पैसे देण्याआधी दुकानदाराला विनंती करून त्यांच्या माणसासकट तो जॅमरूममध्ये नेला आणि ड्रमर व दोन्ही गिटारींबरोबर वाजवला. एकट्याने ऐकताना टोन थोडा रुक्ष वाटला होता. बँडमध्ये तोच रुक्षपणा प्रत्येक सूर वेगळा काढत होता.

घरी आणला तो स्कूटरवरून, पाठीवर गिगबॅग. हेल्मेटच्या वर वीतभर डोकं येतं, त्यामुळे प्रभात रोडच्या झाडांखालून जाताना आता मी मान आपोआप खाली घालतो. लगेच सेटअप करून घेतला: नट कानशीने खाली, बी तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) जवळजवळ शेवटपर्यंत मागे, बाराव्या फ्रेटवर बीची उंची अडीच मिमीच्या आसपास. नेकचा बाक मी स्वतः बघतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबायचा आणि सातव्या-आठव्यापाशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकायला हवं. जून उजाडला की हे गणित बिघडतं, म्हणून ट्रस रॉडची (नेकचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळईची) चावी गिगबॅगच्या खिशात.

वाजवण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागली, आणि हे कुठल्याही दुकानात कुणी सांगत नाही. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बी वाजवला की खालची मोकळी बी न मारताच घुमायला लागते, कारण तो सूर नेमका तिचा दुसरा हार्मोनिक, ६१.७ हर्ट्झ. जॅमरूममध्ये कळत नाही. मोठ्या पीएवर (लोकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांवर) सगळा स्टेज हुंकारतो. अंगठा पिकअपवर रोवून वाजवायची माझी जुनी पद्धत सोडली. आता वरच्या तारांवर गेलो की अंगठा खाली सरकत बी आणि ईवर झोपतो. प्लेक्ट्रम असेल तेव्हा तेच काम तळहाताची कड करते.

पहिल्या गिगला साउंडवाल्या दादांनी पाच तारा बघताच विचारलं, "खाली किती जाणार? माझे सब, खर्जाचे स्पीकर, चाळीस हर्ट्झच्या खाली काही देत नाहीत."

"मग चाळीसच्या खालचं कापून टाका दादा. साठ ते नव्वद तेवढं सोडा."

ते जरा चमकले, कारण पाच तारांचा बेस घेऊन येणारा माणूस बहुधा खर्ज वाढवून मागतो. पण ३१ हर्ट्झचा मूळ सूर त्या स्पीकरांतून येतच नसतो, नुसता कोन हलवत अॅम्पची ताकद खातो. कान ६२ आणि ९३ वरच्या हार्मोनिकवरून खालचा सूर स्वतःच जुळवून घेतात. डीआयमधून (बेसचा आवाज थेट मिक्सरला देणाऱ्या पेटीतून) कापलेला बेस समोर गेला, आणि पांढरी एकमधल्या त्या जड गाण्याला बारच्या काउंटरवरचे ग्लास थरथरले. दादांनी लांबून अंगठा दाखवला. माझ्या स्टेजवरच्या दहा इंची अॅम्पमधून मला स्वतःला मात्र फक्त टकटक ऐकू येत होती, तेव्हा मॉनिटरमध्ये किक जास्त मागून घेतला.

आता गोव्याला सलग दोन रात्री वाजवायचंय आणि बेससाठी हार्ड केस घ्यावी असं मला वाटतं. ड्रमरचं म्हणणं, केस आली तर त्याच्या झांजा गाडीत मावणार नाहीत. गाडी त्याची असल्यामुळे चर्चा सध्या तिथेच अडली आहे.