चॅप्टरचा इतिहास लॉजच्या दप्तरातून: कामाची आजवरची प्रगती

फ्रीमेसनरी (मेसनरी) या बंधुसंघटनेच्या गोव्यातील आपल्या रॉयल आर्च चॅप्टरचा, म्हणजे लॉजनंतरच्या टप्प्याच्या शाखेचा, आणि त्याला सभासद पुरवणाऱ्या लॉजचा, म्हणजे मेसनांच्या मूळ स्थानिक शाखेचा, इतिहास लिहिण्याचे जे काम मी हाती घेतले आहे, त्याचा पहिला टप्पा, म्हणजे संस्थापक सभासदांची नामावली, या पावसाळ्यात पूर्ण झाला. चॅप्टरचे नाव आणि सभासदांची नावे मी येथे देत नाही, कारण त्यांपैकी अनेकांची कुटुंबे गोव्यातच आहेत आणि त्यांची संमती अजून घ्यायची आहे. हे टिपण कामाच्या पद्धतीविषयी आहे.

चॅप्टरचा इतिहास चॅप्टरच्याच इतिवृत्तावरून लिहिता येत नाही, हे माझे मत या कामात पक्के झाले. चॅप्टरमध्ये थेट प्रवेश नसतो. लॉजमध्ये तिन्ही पदव्या, म्हणजे दीक्षेच्या पायऱ्या, घेऊन मास्टर मेसन झालेल्या सभासदालाच तेथे घेतात. त्यामुळे ‘स्क्राइब ई’ने, म्हणजे चॅप्टरच्या चिटणिसाने, लिहिलेल्या वहीत माणूस अवतरतो तो एकदम एक्झाल्टेशनच्या, म्हणजे चॅप्टरमधील प्रवेशविधीच्या, दिवशी. तो कोठून आला, त्याची शिफारस कोणी केली, पोटापाण्यासाठी तो काय करीत होता, हे सारे त्याच्या मूळ लॉजच्या दप्तरात असते. म्हणून मी प्रत्येक नाव घेऊन त्याच्या लॉजपर्यंत मागे जाण्याचा मार्ग धरला.

या मार्गावर पहिला प्रश्न क्रमांकांचा येतो. इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवरील मध्यवर्ती संस्था, २७ डिसेंबर १८१३ रोजी एक झाल्या, तेव्हा मेसनरीच्या पदव्या तीनच, आणि रॉयल आर्च त्यांतच अंतर्भूत, असे तहात ठरले. तेव्हापासूनच्या इंग्रजी व्यवस्थेत प्रत्येक चॅप्टर एखाद्या लॉजला जोडलेले असते आणि तिचाच क्रमांक लावते. लॉजचे क्रमांक १८३२ मध्ये आणि पुन्हा १८६३ मध्ये नव्याने लावले गेले, त्यामुळे चॅप्टरचा क्रमांकही त्याबरोबर बदलला. स्कॉटलंडची रीत वेगळी आहे. तेथील सुप्रीम ग्रँड रॉयल आर्च चॅप्टर १८१७ मध्ये ग्रँड लॉजहून स्वतंत्रपणे स्थापन झाले आणि त्याच्या चॅप्टरांना स्वतःचे क्रमांक आहेत. त्यांवरून लॉज शोधता येत नाही. आपले संस्थापक मुंबई, पुणे आणि बेळगाव येथील चॅप्टरांतून आले, आणि त्यांत दोन्ही संविधानांची, म्हणजे इंग्रजी आणि स्कॉटिश व्यवस्थांची, माणसे होती. म्हणून माझ्या तक्त्यात क्रमांकाशेजारी संविधान आणि वर्ष हे दोन रकाने सक्तीचे केले आहेत. असा तक्ता करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच आग्रह राहील.

दुसरा प्रश्न नावांचा, आणि तो खास गोव्याचा आहे. पोर्तुगीज दप्तरात शेणवीचे सिनाय झाले, प्रभूचे पोरोबो, पैचे पोय, कामतचे कामोतीं. मुंबईत नोकरी-धंद्यासाठी गेलेला तोच गृहस्थ तेथील लॉजच्या वहीत इंग्रजी वळणाने सही करतो, आणि कित्येकदा आडनावाच्या जागी गावाचे नाव लावतो. येथे मला सर्वांत मोठी मदत झाली ती स्कॉटिश चॅप्टरांतील मार्क पदवीच्या नोंदवहीची. या पदवीच्या वेळी प्रत्येक सभासद स्वतःची एक खूण निवडतो आणि नावासमोर ती आपल्या हाताने काढतो. पाथरवट घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरीत, त्या प्रथेचे हे रूप आहे. एका वहीत ‘कामत’ आणि दुसऱ्या वहीत ‘कामोतीं’ अशी दोन नावे होती, आद्याक्षरेही जुळत नव्हती. परंतु दोन्ही नावांसमोर एकच खूण होती: उभी रेषा, तिच्या पायाशी उजवीकडे काटकोन, आणि माथ्यावर डावीकडे झुकलेली आखूड तिरपी रेषा. तिरप्या रेषेच्या टोकाशी शाई दाबून थांबल्याचा बारीक ठिपकासुद्धा दोन्हीकडे आहे. एवढ्यावर मी नाव पक्के केले नाही. व्यवसाय आणि वय ताडून पाहिले, ते जुळले, आणि मगच दोन नोंदी एक केल्या.

मुंबईकडे जाणारा हा धागा स्वाभाविक आहे. ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही स्कॉटिश संविधानाखालील लॉज मुंबईत १८४३ मध्ये भारतीयांना प्रवेश मिळावा याच हेतूने डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यापूर्वी माणेकजी करसेटजी यांच्यासारख्या प्रतिष्ठित पारशी गृहस्थालाही प्रवेश नाकारला गेला होता.

गोव्यात मात्र वाट अडलेली होती. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ मध्ये मेसनरीवर बहिष्काराचा आदेश काढला. लिस्बनमध्ये जॉन कूस्तोस या जडजवाहिराच्या कारागिराला १७४३ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, पकडून त्याचा छळ केला. आणि गोव्याचे इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. ग्रांदे ओरिएंते लुझितानू या पोर्तुगालमधील मेसनरीच्या मध्यवर्ती संस्थेची स्थापना १८०२ ची. या पोर्तुगीज परंपरेत सभासद सांकेतिक नाव घेत, त्यामुळे तिच्या याद्यांतून माणूस ओळखणे इंग्रजी याद्यांपेक्षा कितीतरी अवघड जाते. १८९८ पासून सुमारे दहा वर्षे गोव्यात जमीन-मोजणीचे खाते सांभाळणारे नॉर्टन दि मातुश पुढे याच संस्थेचे ग्रँडमास्टर झाले. त्यांच्या गोव्यातील वास्तव्याला मेसनरीशी जोडण्याचा मोह होतो, पण केवळ पुढच्या पदावरून मागचा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही, आणि म्हणून त्यांचे नाव मी मुख्य मजकुरात न घेता पार्श्वभूमीच्या प्रकरणात ठेवले आहे.

२१ मे १९३५ च्या कायद्याने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गुप्त संस्थांवर बंदी घातली. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली आणि त्यानंतर महिन्याभराच्या आत, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. या दोन तारखांतील जवळीक केवळ योगायोगाची आहे. पण आपल्या चॅप्टरच्या संस्थापकांना त्यामुळे एक नवे प्रश्नपत्रकच हाती आले, कारण मुंबईकडील काही लॉज नव्या ग्रँड लॉजमध्ये गेल्या आणि काही जुन्याच संविधानाखाली राहिल्या. एका चॅप्टरात बसणारे दोन कंपॅनियन, म्हणजे चॅप्टरचे सभासद, निरनिराळ्या संविधानांच्या लॉजमधले असू शकत होते. नामावलीत ही विभागणी आता स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण तेच होईल.

पुढचा टप्पा पणजीतील पुराभिलेख खाते आणि कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय येथील जुन्या पोर्तुगीज व मराठी वृत्तपत्रांचा आहे. तेथे मी मेसनरीचा उल्लेख शोधणार नाही. मृत्युलेख, बदल्या आणि मुंबईहून परतलेल्यांच्या बातम्या शोधणार आहे, कारण नामावलीतील माणसे तेथेच सापडतील.

ज्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत लॉजचे छापील समन्स, म्हणजे सभेच्या निमंत्रणाचे कागद, असतील, त्यांनी ते दमट हवेतून काढून कोरड्या कागदात ठेवावेत आणि मला फक्त लॉजचा क्रमांक, सभेची तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या यादीचे छायाचित्र पाठवावे. १९६१ ते १९७५ या काळातील समन्स मला विशेष हवे आहेत. त्यांवर ग्रँड लॉजचे नाव छापलेले असते, आणि कोणती लॉज कोणत्या वर्षी कोणत्या संविधानाखाली होती हे ठरवायला तेवढे पुरेसे आहे.