माशाचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा

खंड्यानं मासा पकडला की आधी त्या माशाचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा. स्वतः गिळायचा असेल तर डोकं घशाकडे असतं. उलटा गिळला तर खवले आणि काटे आड येतात. डोकं चोचीच्या टोकाकडे, बाहेर असेल तर तो मासा दुसऱ्या कुणासाठी आहे. वसंताच्या सुरुवातीला तो मादीसाठी असतो, नंतर पिल्लांसाठी.

हे मला इथे, मँचेस्टरला, मर्सी नदीच्या काठावर बसून दिसलं. आणि हा खंड्या कुणी परका नाही. आपल्या बेळगावकडे खानापूरच्या मलप्रभेवर, राकसकोपच्या पाण्यावर निळी रेघ ओढून जातो तोच हा लहान खंड्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे कामावरून आल्यावरही नदीवर जायला उजेड उरतो.

नर मासा फांदीवर आपटून गप्प करतो, चोचीत फिरवून घेतो आणि मादीजवळ जाऊन मान लांब करतो. मादीच्या खालच्या चोचीला शेंदरी रंग असतो, नराची चोच काळी, एवढ्यावरून दोघं ओळखता येतात. कधी ती लगेच घेते, कधी त्याला तसंच ताटकळत ठेवते. पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याचे फोटो सगळ्यांनाच आवडतात, पण या देण्याघेण्याचा फोटो मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यात पक्षी काय करतोय ते कळतं. फोटोग्राफी करणाऱ्यांसाठी एक सांगतो: त्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या बारीक रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे तो दिसतो. कोन बदलला की छटा बदलते. भर उन्हात तो निळा भाजून जातो, इथल्या ढगाळ उजेडात छान उतरतो. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी नऊच्या आतच काम उरकावं.

एप्रिलमध्ये जोडी काठाच्या मातीत बीळ कोरते आणि तिथून पुढे मी त्या जागेकडे कॅमेरा नेत नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्यात खंड्या इथे पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला घरट्यापाशी त्रास देणं गुन्हा आहे. घरट्यावर फोटो काढण्यासाठी सरकारी परवाना लागतो. कारण साधं आहे. बिळासमोर माणूस बसला की आईबाप मासा चोचीत धरून लांब फांदीवर थांबतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. फोटोत मात्र चोचीत मासा घेतलेला सुंदर पक्षी दिसतो. तो आत का जात नव्हता, हे त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

मी राहतो त्या डिड्सबरीतच १८८९ साली एमिली विल्यमसन या बाईंनी आपल्या घरी पक्षीरक्षणाची संस्था सुरू केली. टोप्यांवर पिसं लावायच्या फॅशनपायी पक्षी मारले जात होते, त्याविरुद्ध. आज ती देशातली सर्वांत मोठी पक्षीसंस्था आहे. आपल्या टिबुकलीच्या कुळातला एक मोठा, तुरेवाला पक्षी त्या फॅशननं इथून जवळजवळ संपवला होता. आता चॉर्ल्टनच्या तळ्यावर वसंतात त्याची जोडी समोरासमोर येते, माना हलवते, बुडी मारून पाणवनस्पती चोचीत घेऊन वर येते आणि छातीला छाती लावून पाण्यावर उभी राहते. पुढे पट्टेदार पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात आणि आईबाप त्यांना आपली पिसं खाऊ घालतात, माशांचे काटे पोटात टोचू नयेत म्हणून. काठावरच्या बाकावर बसून हे सगळं दिसतं. जवळ जायची गरजच पडत नाही.

परवा जांबोटीचा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, धनेशाची ढोली सापडलीय बघ. तू येईपर्यंत फोटोसाठी लपून बसायला लपण बांधून ठेवू काय?"

मी नको म्हटलं. धनेशाचं तर खंड्याहून नाजूक आहे. मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत असतानाच तिची उडायची पिसं गळतात. पिल्लांसह तिचं सगळं पोट नराच्या एकेका खेपेवर असतं. आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात आणि भीमगडाच्या जंगलात हे नेमकं उन्हाळ्यात चालतं, सुट्टीत कॅमेरे घेऊन लोक बाहेर पडतात त्याच दिवसांत. नर बिचकून परत गेला तर आतल्यांना दुसरं कोण आहे?

"मग फोटो कसा मिळायचा की?" तो म्हणाला.

उंबराखाली. झाड पिकलं की नर तिथे येणारच. एकेक फळ चोचीच्या टोकानं तोडतो, हवेत उडवून घशात घेतो, घसा भरून घेतो आणि ढोलीकडे जातो. ती फळं तिथे एकेक करून परत चोचीत आणून तो मादीला देतो. त्यातलं फळ तोडणं, उडवणं, झेलणं सगळं झाडावर, मोकळ्या उजेडात दिसतं. आणि त्याच झाडावर तांबट, हरियल, बुलबुलही येतात.

मे महिन्यात मी येतोय. खानापूर-जांबोटी बाजूला कुणाला पिकायला आलेलं उंबर किंवा नांद्रुक दिसलं तर मला कळवा, कुठल्या गावच्या रस्त्याला आहे ते सांगा. ढोली दिसली तर ती मात्र मलाही सांगू नका.