वीस बाय वीसचा कागद

रविवार, रात्र

'विझर्ड्री' या कॉम्प्युटर गेमचा पहिला भाग, 1981, ॲपल टू कॉम्प्युटरवर. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांचं काम. दहा मजल्यांचं तळघर, प्रत्येक मजला 20 बाय 20 घरांचा. नकाशा मशीन दाखवत नाही, तो आपण ग्राफ पेपरवर काढायचा. खरा खेळ तोच. राक्षस मारणं हे मधल्या वेळेचं काम.

घरं 0 ते 19 अशी मोजायची. जिन्यापाशी टोळी (आपली सहा पात्रं) उभी राहते ते घर म्हणजे कागदाचा खालचा डावा कोपरा: पूर्व 0, उत्तर 0, तोंड उत्तरेला. एकपासून मोजणी धरली की 'डुमापिक' मंत्राने सांगितलेली जागा आणि कागदावरची जागा यांत एका घराची तफावत पडते, आणि ती सापडेपर्यंत अर्धा मजला खोडावा लागतो.

भिंतींचंही नीट बघावं. इथे भिंत घराएवढी जाड नाही, दोन घरांमधल्या रेषेवर आहे. म्हणून घर काळं न करता रेघ जाड करायची, दाराला तिच्यावर छोटी आडवी खूण. काही दारं एकाच बाजूने दिसतात, त्यांना बाण. 'मिल्वा' मंत्राचा उजेड असला तर चोरदारं दिसतात, लांबवरचंही दिसतं; उजेडाविना काढलेला कॉरिडॉर कच्चाच समजावा.

सगळ्यात जास्त घोळ घालतात ती गुपचूप फिरवणारी घरं. पाऊल टाकलं की तोंड भलत्याच दिशेला, पडद्यावर एक अक्षर नाही. उचलून दुसरीकडे टाकणारी घरंही तशीच मुकी. ओळखायची खूण एकच: समोरच्या भिंती कागदाशी जुळेनाशा होतात. अशा वेळी कागदच चुकला असं धरून खोडरबर उचलू नये. थांबून डुमापिक म्हणायचा. पण तो जादूगाराचा पहिल्या पातळीचा मंत्र, आणि शत्रूंना झोपवणारा 'कातिनो'ही त्याच पातळीचा. दोघांचा कोटा एक. जागा विचारली की एक झोप कमी. नव्या जादूगाराला तर डुमापिक येतच नाही. तोवर जिन्यापासून फार लांब जायचं नाही, आणि संशय आला की पुढचं सगळं वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने. जागा कळली की चिठ्ठी मोठ्या कागदावर उतरवायची.

पुढे 'मालोर' हाती येतो, टोळीला एका झटक्यात दुसरीकडे नेणारा मंत्र. मुक्कामात म्हटला तर किती घरं कुठल्या दिशेला आणि किती मजले खाली-वर ते आपण सांगायचं. पूर्व-पश्चिम उलटसुलट झालं आणि टोळी खडकात उतरली तर सगळे कायमचे गेले. आकडा कागदावर मोजून मगच टाइप करावा.

टोळी मेली की ते लगेच फ्लॉपीवर लिहिलं जातं. सहाही मेले तर प्रेतं तिथेच पडून राहतात. फ्लॉपीवर 20 पात्रं मावतात, तेव्हा दुसरी टोळी आधीपासून तयार करत ठेवावी. प्रेतं आणायला मात्र सहा जण धाडू नयेत: टोळीत सहाच जागा, उचलायला जागाच उरत नाही. तिघे गेले तर तिघांना आणतील, म्हणजे दोन खेपा. आणि कुठे जायचं ते कळायला कागदाच्या कडेला दर मुक्कामाला तीन आकडे: पूर्व, उत्तर, मजला.